गाणाऱ्याच्या घराचा जमाखर्च

जो स्वतः गीत रचतो, स्वतःच त्याला चाल लावतो आणि पुन्हा स्वतःच ते उघड्या मैदानात, ध्वनिक्षेपकाच्या कुरकुरीवर आवाज चढवून, हजार माणसांसमोर गातो, अशा लोकगायकाचा संसार नोकरदार माणसाच्या संसाराहून मुळातच निराळ्या पायावर उभा असतो, हे त्याच्या घरच्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात उमगते. त्याला स्वतःला मात्र ते उमगण्यास पुष्कळदा अर्धे आयुष्य लागते. जबलपुरात राहणाऱ्या आणि गाण्याचा नाद व्यवसायाच्या पायरीपर्यंत नेऊ पाहणाऱ्या तरुण मराठी मंडळींसाठी, त्यातही ज्यांच्या घरी नुकताच पाळणा हलला आहे त्यांच्यासाठी, चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्या एवढाच या लेखाचा हेतू आहे. गाण्याची थोरवी त्यांना ठाऊकच आहे, म्हणून ती येथे गाणार नाही.

प्रथम आपल्या गावाची परिस्थिती पाहू. १७९८ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रांतावर बसला आणि १८१७ मध्ये तो उठला, तरी त्या निमित्ताने आणि पुढे रेल्वे, कचेऱ्या व कारखाने यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथेच रुजली. ती घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी बोलतात आणि शेजारच्या अंगणातली बुंदेली ऐकत लहानाची मोठी होतात. अशा घरातला गायक गणेशोत्सवात पोवाडा म्हणतो, श्रावणात आल्ह्याच्या फडापाशी बसतो, फाल्गुनात फागेला साथ करतो आणि संक्रांतीला नर्मदेवर जाणाऱ्या बायकांची बंबुलिया ऐकून तिच्या वळणावर आपले शब्द बसवतो. ही त्याची श्रीमंती खरी. परंतु तिच्यामुळे त्याचा हंगाम दुप्पट होतो.

हे दुप्पट होणे केवळ आलंकारिक नव्हे. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो आणि येथल्या शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा सावन लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण दिव्यांच्या अवसेनंतर सुरू होऊन पोळ्यापर्यंत चालतो. दोन्हींचा शुक्ल पक्ष तेवढा एक. म्हणजे ज्याला दोन्हीकडून बोलावणे येते त्याचा श्रावण सहा आठवड्यांचा ठरतो आणि त्याच्या पाठोपाठ गणपती दारात उभेच असतात. गणपती-नवरात्रानंतर देवउठनी एकादशी झाली की लग्नसराई, मग संक्रांत, माघ शुद्ध सप्तमीची नर्मदा जयंती, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, होळीची फाग, चैत्र नवरात्रातली देवीची जसगीते आणि १४ एप्रिलची भीमजयंती. या यादीकडे पाहून गायकाला आनंद होतो. त्याच्या मुलांच्या वार्षिक परीक्षा नेमक्या नर्मदा जयंती आणि फाग यांच्या मधल्या दिवसांत येतात, हे मात्र त्या यादीत कोठेच लिहिलेले नसते.

म्हणून पहिली सूचना अशी, की वर्षाचे पंचांग हातात आल्याबरोबर त्यात घराचे दिवस आधी नोंदवावे आणि सुपाऱ्या मागाहून घ्याव्या. जबलपुरातल्या मराठी घरात बहुधा दोन दिनदर्शिका टांगलेल्या असतात : स्वयंपाकघरात येथेच छापले जाणारे लाला रामस्वरूपचे पंचांग, ज्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब पेन्सिलीने मांडलेला असतो, आणि देवघराशेजारी कालनिर्णय. गायकाची डायरी या दोहोंपासून दूर, त्याच्या झोळीत असते. घोटाळ्याचे मूळ हेच, की ज्या कागदावर घर चालते तो आणि ज्या कागदावर फड चालतो तो एकमेकांना कधी भेटत नाहीत. सुपारी फोनवर ठरते, ती डायरीत चढते आणि घरात तिची वर्दी पोचते ती आदल्या रात्री झब्बा इस्त्रीला टाकताना. तेव्हा झोळीतली डायरी ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी. पण कार्यक्रमाला होकार देण्यापूर्वी दुधाच्या हिशेबाशेजारचा चौकोन रिकामा आहे की नाही, हे घरी फोन करून विचारण्याची वहिवाट पाडावी. आयोजकाला ‘संध्याकाळपर्यंत कळवतो’ म्हटल्याने कोणाची सुपारी जात नाही. उलट, ताबडतोब होकार देणारा गायक स्वस्तात मिळतो, असा आयोजकांचा अनुभव आहे.

घराचे दिवस कोणते, हे प्रत्येक घराने आपापसात ठरवावे. तथापि दोन काळ निसर्गतःच मोकळे असतात आणि बहुतेक गायक ते हळहळण्यात घालवतात. गणपती आणि नवरात्र यांच्यामधला पितृपक्ष हा त्यातला पहिला. या पंधरवड्यात मंगलकार्य नाही, त्यामुळे बोलावणेही नाही. दुसरा अधिक मास, जो सुमारे पावणेतीन वर्षांनी येतो आणि लग्ने थांबवून जातो. या दिवसांत काम नाही म्हणून कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा मुलांच्या शाळेची, आईवडिलांच्या औषधपाण्याची आणि माहेर-सासरच्या भेटींची कामे आधीच या काळावर टाकून ठेवावी. कुटुंबाला वर्षाकाठी बारा हप्ते थोडे थोडे देणे लोकगायकाला साधत नाही, परंतु मोजके, मोठे आणि निश्चित हप्ते देणे साधते. आणि माझे निरीक्षण असे आहे, की मुले थोड्या वेळाला नाखूश नसतात, न पाळलेल्या वेळेला नाखूश असतात.

आता पैशाकडे वळू, कारण गाणाऱ्याच्या घरातली अर्धी भांडणे सुरांवरून होत नाहीत, बिदागीवरून होतात. कार्यक्रम ठरताना मिळालेली आगाऊ रक्कम ही प्राप्ती नव्हे, ते कर्ज आहे, ही गोष्ट गायकाने स्वतःला आणि घराला बजावून सांगावी. पाऊस पडतो, आचारसंहिता लागते, आयोजकांच्या मंडळात फूट पडते, आणि विसार परत करण्याची पाळी येते तेव्हा तो किराण्यात विरून गेलेला असतो. यासाठी बँकेत निराळे खाते असावे. सुपारीची रक्कम तेथे जमा व्हावी, आणि कार्यक्रम पार पडून ढोलकीवाला, पेटीवाला, झीलकरी, गाडी आणि आवाजाची यंत्रणा यांचे देणे चुकते झाल्यावर जी शिल्लक उरेल तेवढीच घरात यावी. पंचवीस हजारांची बिदागी घेणाऱ्याच्या हाती पुष्कळदा सहा-सात हजारच उरतात, परंतु नातेवाइकांत पंचवीसचाच बोभाटा होतो, आणि मग पुतण्याच्या फीपासून गावच्या देवळाच्या कळसापर्यंत सगळ्यांचे डोळे त्या पंचविसांवर खिळतात. रोजमेळ लिहिण्याचे काम जोडीदाराकडे द्यावे, असे पुष्कळजण सांगतात. मीही सांगतो, मात्र त्यात एक दुरुस्ती करून, की ते काम ज्याच्याकडे असेल त्याच्या मेहनतान्याचा आकडाही त्याच रोजमेळात खर्चाच्या बाजूला पडला पाहिजे.

कराराच्या कागदात सुतकाचे कलम असावे, हे ऐकून कोणी हसेल. पण घरात मृत्यू झाला असता दहाव्याच्या आत व्यासपीठावर उभे राहून लोकांना हसवण्याचा प्रसंग लोकगायकांवर येतो, आणि तो त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरच्यांना अधिक बोचतो. घरातील मृत्यू, गंभीर आजार किंवा प्रसूती यांमुळे हजर राहता न आल्यास अमुक दर्जाचा बदली गायक पाठवू किंवा विसार परत करू, एवढे एक वाक्य सुपारीच्या पावतीवर असले म्हणजे दोन्ही पक्ष मोकळे. त्याचबरोबर मुक्कामाचे कलम असावे. नागपूरचा कार्यक्रम आटोपून रातोरात सिवनीच्या रस्त्याने, पेंचच्या जंगलातून, डुलक्या घेणाऱ्या चालकाच्या शेजारी बसून घर गाठण्याची जी शेखी आपल्या मंडळींत मिरवली जाते, ती मला मुळीच पसंत नाही. शाहीर अमर शेखांसारखा पहाडी आवाज १९६९ साली मोटार अपघातात कायमचा थांबला, एवढे तरी स्मरणात ठेवावे. रात्रीचा मुक्काम आयोजकाच्या खर्चात धरावा आणि सकाळी निघावे.

येथवरच्या गोष्टी व्यवस्थेच्या झाल्या. यापुढची अधिक नाजूक आहे, आणि ती सांगण्यासाठी एका थोर घराचा दाखला घेणे मला भाग आहे.

कृष्णराव साबळे, म्हणजे आपले शाहीर साबळे, १९२३ साली वाईजवळच्या पसरणी गावी जन्मले आणि २०१५ साली निवर्तले. त्यांनी ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ उभी केली, १९६० साली ‘यमराज्यात एक रात्र’सारखे मुक्तनाट्य रंगभूमीवर आणले, ‘महाराष्ट्राची लोकधारा’मधून गावोगावच्या लोककला शहरी प्रेक्षकांसमोर मांडल्या, आणि नागपूरच्या राजा बढे यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले जे गीत २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत झाले त्याला आवाज दिला. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी भानुमती या स्वतः कवयित्री होत्या, पार्टीसाठी त्यांनी गीते रचली, आणि पुढे त्या दांपत्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे मात्र नातवाने, केदार शिंदे यांनी, २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट काढीपर्यंत पुष्कळांच्या गावीही नव्हते. दुसऱ्याच्या संसारात डोकावून निवाडा देण्याचा अधिकार मला नाही आणि येथे तो द्यायचाही नाही. परंतु आपल्यासारख्या सामान्य गाणाऱ्यांच्या घरांत डोकावले असता असे आढळते, की गीताचा एक चरण स्वयंपाकघरातून येतो, अडलेले यमक पत्नी किंवा बहीण सुचवते, फडाचा कपडालत्ता, पाहुण्यांचा चहा, तालमीला आलेल्या साथीदारांची पंगत यांची तजवीज घर करते, आणि फलकावर नाव एकट्याचे लागते.

यावर उपाय भावनेचा नसून दस्तऐवजाचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ज्याने शब्द लिहिले तो त्या शब्दांचा कर्ता, आणि त्याचा हक्क त्याच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो. गाणाऱ्याला त्याच्या गायनाबद्दल निराळा हक्क आहे, तो पन्नास वर्षांचा. परंपरागत चाल कोणाच्याच मालकीची नाही, तीवर बसवलेले नवे शब्द मात्र लिहिणाऱ्याचे. तेव्हा गीत तयार झाले, की वहीत त्याखाली तारीख आणि शब्दरचना कोणाची, हे लिहून ठेवावे. दोघांची असेल तर दोघांची नावे लिहावी. आणि ध्वनिमुद्रणाच्या करारावर तीच नावे जातील असे पाहावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या कवीला व संगीतकाराला मानधनातला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कायदेशीर वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज कोणाला सोडूनही देता येत नाही. ‘सगळे हक्क कायमचे आमचे’ असा कागद कंपनीचा मनुष्य पुढे करतो तेव्हा हे आठवावे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो, हेही ध्यानात असावे; मुदतीची जागा कोरी असली तर सही करण्यापूर्वी घाबरू नये, पण भरलेली असली तर जरूर वाचावी. पत्नीने लिहिलेल्या गीताचे उत्पन्न पत्नीच्या खात्यात जाऊ लागले म्हणजे घरातल्या तालमीचा गोंगाट तिला आजवर जितका सोसवत होता त्याहून बराच अधिक सोसवतो, असे एका स्पष्टवक्त्या गृहिणीने मला ऐकवले आहे.

आतापर्यंत गायक हा पुरुष आणि घर सांभाळणारी ती स्त्री, असे धरून बोललो. गाणारी स्त्री असेल तेव्हा हे सारे गणित बदलते, आणि येथे मला थोडे रेंगाळावे लागेल.

अशा स्त्रीला समजावताना वडीलधारी मंडळी हमखास बहिणाबाईंचे नाव घेतात. बहिणाबाई चौधरी यांनी शेतात राबता राबता, जात्यावर बसून, घर सांभाळून, केवढे काव्य रचले. मग तुला संसारातून वेळ मिळत नाही ही तक्रार कशाची, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकायला सोज्वळ वाटतो, परंतु त्यात मोठी गफलत आहे. रचना ही हात कामात असताना होऊ शकते. किंबहुना ओवीची लय कामाच्या लयीतूनच जन्मते, हे जात्यावरच्या कोणत्याही गीतात दिसते. पण रियाज आणि प्रयोग हे हात कामात असताना होत नाहीत. बहिणाबाई फड घेऊन गावोगाव हिंडल्या नाहीत, त्यांना सुपारी घ्यायची नव्हती, तीन तास अखंड आवाज टिकवायचा नव्हता. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून ठेवली म्हणून वाचली, आणि त्यांचा संग्रह निघाला तो १९५२ साली, त्या गेल्यानंतर. तेव्हा त्यांचे उदाहरण घ्यायचेच असेल तर ‘घरातल्या कोणीतरी बसून उतरवून घेतले’ हा त्यातला धडा घरच्यांनी घ्यावा.

गाणाऱ्या स्त्रीने रियाजाची वेळ घराच्या वेळापत्रकात कचेरीच्या वेळेसारखी लावून घ्यावी आणि त्या वेळात दार बंद ठेवावे. पहिले काही आठवडे दारावर थापा पडतील. मीठ कोठे आहे, मोजे कोठे आहेत, कुरिअरवाला आला आहे. थापेला उत्तर न देणे हे ज्या दिवशी जमेल त्या दिवसापासून मीठ सापडू लागते. साथीदार पुरुष असतात आणि ते घरी येतात, यावरून सासरी कुरबुर होते. तीवर भांडण्यापेक्षा तालमीची जागा घराबाहेर, एखाद्या शाळेत किंवा मंदिराच्या सभागृहात, ठरलेल्या दिवशी घ्यावी, आणि तिचे भाडे फडाच्या खर्चात टाकावे. बाळंतपणानंतर किती दिवसांनी उंच पट्टीत गावे, हे मात्र शेजारणीला न विचारता डॉक्टरांना विचारावे. पोटाचे स्नायू पूर्ववत होण्यापूर्वी पोवाड्याचा जोर लावणे धोक्याचे असते. तोवर रचना करावी, चाली बसवाव्या, खालच्या पट्टीत गुणगुणावे.

आणि ज्या स्त्रियांना वाटते, की घर व गाणे यांतले एकच निवडावे लागेल, त्यांनी शेजारच्या छत्तीसगडातल्या तीजनबाईंकडे पाहावे. परंतु नीट पाहावे. पंडवानी, म्हणजे महाभारतकथेचे गायन, उभ्याने, पुरुषांच्या कापालिक शैलीत केल्यामुळे त्यांना जातीबाहेर काढण्यात आले, झोपडी बांधून त्या एकट्या राहिल्या, आणि पुढे पद्मश्रीपासून २०१९ च्या पद्मविभूषणापर्यंत पोचल्या, ही कथा भाषणांतून फार सांगितली जाते. त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केली, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. मला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची वाटते. महिन्याच्या पहिल्या तारखेला येणारा पगार कलावंताला लाचार सुपारी नाकारण्याचे बळ देतो, आणि घराला तर तो गाण्याविषयीचा राग विसरायला लावतो. जबलपुरात कारखाने आहेत, न्यायालय आहे, रेल्वे आहे, शाळा-महाविद्यालये आहेत. नोकरी धरली म्हणजे कला गेली, ही समजूत ज्यांच्या घरी शेतीवाडी होती त्यांनी पसरवली असावी. लहान मुले असेपर्यंत तरी दोघांपैकी एकाची प्राप्ती ठरावीक असावी. ती कोणाची, याला महत्त्व नाही.

मुलांना फडात घ्यावे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गायक प्रल्हाद शिंद्यांच्या घरी आनंद, मिलिंद आणि दिनकर हे मुलगे गाते झाले, पुढे नातवंडेही झाली. साबळ्यांचे देवदत्त संगीतकार झाले. ही उदाहरणे खरी आहेत. परंतु ती आपल्याला ठाऊक आहेत याचे कारणच असे, की ती यशस्वी झाली. ज्या घरात मुलाला झील धरायला उभे केले कारण झीलकऱ्याची बिदागी वाचत होती, त्या घराची हकिकत कोणी छापत नाही. माझा सल्ला असा, की मुलाने आपण होऊन टाळ उचलला तर उचलू द्यावा. व्यासपीठावर आणले तर त्याची बिदागी, मग ती शंभर रुपये का असेना, रोजमेळात त्याच्या नावाने लिहावी. आणि शाळेच्या परीक्षेच्या महिन्यात त्याला मुळीच आणू नये, जरी फाग रंगली असली आणि ढोलकीचा पोर ऐन वेळी आजारी पडला असला तरी.

शेवटी एक तजवीज, जी तरुणपणी कोणाला सुचत नाही. आवाज हा साठीनंतर उतरतो आणि लोकगायकाला निवृत्तिवेतन नसते. साठ वर्षांवरील गरजू कलावंतांसाठी केंद्र सरकारची मासिक साहाय्याची योजना आहे, महाराष्ट्रातही ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांच्या मानधनाची योजना आहे. परंतु अशा प्रत्येक योजनेत आपण खरोखर कलावंत होतो याचा पुरावा द्यावा लागतो, आणि चाळीस वर्षे गायलेल्या मनुष्याजवळ बहुधा एकही कागद नसतो. म्हणून आजपासून प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, वर्तमानपत्रातले कात्रण, आयोजकाचे पत्र आणि आकाशवाणीच्या कराराची प्रत एका पत्र्याच्या पेटीत सालवार लावून ठेवावी, त्याच पेटीत गीतांच्या वह्या असाव्या आणि पेटीची दुसरी किल्ली जोडीदाराजवळ असावी. हे काम येत्या पितृपक्षात सुरू करता येईल. पंधरा दिवस मोकळेच आहेत.